'नौस' हे ग्रीक नाम कसे चालवावे

संस्कृत शिकलेल्या गोव्यातील वाचकाने प्राचीन ग्रीक शिकायला घेतली, तर पहिले काही धडे त्याला परके वाटत नाहीत, कारण तीन लिंगे, तीन वचने, विभक्ती आणि नामाबरोबर बदलणारी विशेषणे ही सगळी व्यवस्था त्याच्या परिचयाची असते. अडखळायला होते ते 'नौस' या नामापाशी. 'नौस' म्हणजे जहाज किंवा नाव. बहुतेक ग्रीक व्याकरणांत हे नाम अनियमित नामांमध्ये दिलेले असते आणि त्याची नौस, नौन, नॆओस, नेइ ही रूपे एकाखाली एक पाहिली, की ती एकाच शब्दाची आहेत यावर सहज विश्वास बसत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की मराठी वाचकाने ही रूपे घोकू नयेत. ज्याने औकारान्त स्त्रीलिंगी 'नौ' शब्द एकदा नीट चालवला आहे, त्याने ग्रीकांनी गमावलेला एक 'व' मूळ जागी परत ठेवला की जवळजवळ सर्व रूपे त्याला स्वतःच तयार करता येतात. ते कसे करावे, हे पुढे क्रमाने सांगितले आहे.

आधी लेखनाविषयी एक संकेत ठरवू. संस्कृतात ए आणि ओ नेहमी दीर्घ असतात. ग्रीकमध्ये मात्र ऱ्हस्व ए (एप्सिलॉन) आणि दीर्घ ए (एटा), तसेच ऱ्हस्व ओ (ओमिक्रॉन) आणि दीर्घ ओ (ओमेगा) अशी वेगवेगळी अक्षरे आहेत, आणि आपल्या नामाची निम्मी गुंतागुंत याच ऱ्हस्वदीर्घात दडलेली आहे. म्हणून येथे ऱ्हस्व स्वर ऎ, ऒ असे आणि दीर्घ स्वर ए, ओ असे लिहिले आहेत. दीर्घ 'ए' म्हणताना ग्रीक लोक तोंड जरा अधिक उघडत. कोंकणीत उघड्या आणि मिटत्या 'ए'चा फरक लेखनात दिसत नसला तरी कानाला कळतो, त्यामुळे गोव्यातील वाचकाला ही गोष्ट फारशी समजावून सांगावी लागत नाही. शब्दाच्या शेवटचा 'स' पूर्ण उच्चारावा. संस्कृतात जेथे विसर्ग होतो, तेथे ग्रीकने मूळचा 'स्' टिकवला आहे: नौः आणि नौस.

अर्थ आधी पक्का करावा, रूपे नंतर. 'नौस' स्त्रीलिंगी आहे, जशी संस्कृतातील 'नौ' आणि मराठीतील 'नाव' आहे. होमरच्या काव्यात हा शब्द कोणत्याही समुद्रगामी जहाजासाठी येतो आणि त्याच्यासोबत ठरावीक विशेषणे फिरत असतात: काळे, वेगवान, पोकळ. 'इलियड'मध्ये ट्रॉयच्या किनाऱ्यावर वाळूत ओढून ठेवलेली जहाजे हाच ग्रीकांचा तळ आहे. म्हणून तेथे 'जहाजांपाशी' असे म्हटले की पुष्कळदा 'छावणीत' असा अर्थ घ्यावा लागतो. पुढे अथेन्सच्या गद्यात, विशेषतः थ्युसिडिडीसच्या इतिहासात, नुसते 'नौस' म्हटले तरी युद्धनौका समजली जाते, आणि तीसुद्धा बहुधा तीन रांगांत वल्ही मारणारी 'त्रिएरेस', जिच्यावर १७० वल्हेकरी आणि एकूण सुमारे २०० माणसे असत. इ. स. पू. ४८० मध्ये सालामिसच्या सामुद्रधुनीत इराणी आरमाराचा पराभव केला तो अशाच नौकांनी. स्पष्ट करून सांगायचे झाल्यास ग्रीक लेखक युद्धनौकेला 'मक्रा नौस' म्हणजे लांब नाव आणि व्यापारी जहाजाला 'स्त्रॊंगुले नौस' म्हणजे गोल नाव म्हणतात.

मालवाहू किंवा साध्या जहाजासाठी मात्र दुसरा शब्द अधिक रूढ आहे: 'प्लॊइऒन'. हा नपुंसकलिंगी असून 'प्लॆओ', म्हणजे मी जलप्रवास करतो, या क्रियापदापासून आला आहे. या क्रियापदाचे मूळ आणि संस्कृतातील 'प्लु' धातू एकच आहेत. 'प्लव' म्हणजे तराफा किंवा होडी हा शब्द आपल्याला ठाऊकच आहे. अरबी समुद्रातील व्यापाराचे वर्णन करणारे पहिल्या शतकातील ग्रीक पुस्तक 'पेरिप्लस' या नावाने प्रसिद्ध आहे, त्या नावातही हेच मूळ आहे. थोडक्यात, नौ आणि प्लव या दोन्ही शब्दांची भावंडे ग्रीकमध्ये शेजारी शेजारी नांदतात, आणि मजकुरात कोणते आले आहे यावरून लढाईचे जहाज आहे की मालाचे, याचा पहिला अंदाज करता येतो.

मराठी वाचकाने एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवावा. मराठीत 'नाव' हा उच्चार दोन शब्दांचा आहे: पाण्यावरची नाव स्त्रीलिंगी आणि माणसाचे नाव नपुंसकलिंगी. सामान्यरूपात ते वेगळे होतात, 'नावेत' आणि 'नावात'. जुन्या मराठी लेखनात दुसऱ्यावर अनुस्वार देत आणि कोंकणीत ते आजही 'नांव'च आहे, कारण ते 'नामन्'पासून आले आहे. त्या 'नामन्'चे ग्रीक भावंड 'ऒनॊम' आहे. त्याचा 'नौस'शी काहीही संबंध नाही.

आता रूपांकडे वळू. ग्रीकमध्ये संबोधन धरून पाचच विभक्ती उरल्या आहेत, तेव्हा संस्कृतातील बाकीच्यांचे काम कोणी उचलले, हे आधी समजून घ्यावे. पंचमीचे काम ग्रीक षष्ठीकडे गेले. तृतीया आणि सप्तमी यांचे काम ग्रीक चतुर्थीकडे आले. 'नौस'च्या बाबतीत याचा परिणाम असा, की जिला ग्रीक व्याकरणकार चतुर्थी म्हणतात, तिचे रूप प्रत्यक्षात आपल्या सप्तमीशी जुळते.

संस्कृतात 'एचोऽयवायावः' या सूत्राने 'औ'पुढे स्वर आला की 'आव्' होतो. नौ आणि अः मिळून नावः, नौ आणि इ मिळून नावि. पुढे व्यंजन असेल तर 'नौ' तसाच राहतो, नौषु, नौभिः. ग्रीकमध्येही मुळात हेच होते. स्वरापुढे 'नाव्', व्यंजनापुढे 'नौ'. त्यानंतर अथेन्सच्या बोलीत तीन बदल झाले, आणि हे तीन बदल ज्याला कळले त्याला पुढे पाठांतराची गरज पडत नाही. पहिला बदल, दीर्घ 'आ'चा दीर्घ 'ए' झाला. दुसरा, 'व' हा वर्णच बोलीतून नाहीसा झाला. तिसरा, 'व' गेल्यामुळे शेजारी आलेल्या दीर्घ 'ए' आणि ऱ्हस्व 'ऒ' यांनी आपली लांबी आपसात बदलली: पहिला ऱ्हस्व झाला आणि दुसरा दीर्घ.

कागदावर 'नावॊस' असे षष्ठीचे मूळ रूप लिहावे. ते आपल्या 'नावः'चेच जुळे आहे. पहिल्या बदलाने त्याचे 'नेवॊस' होते, दुसऱ्याने 'नेऒस', आणि तिसऱ्याने 'नॆओस'. यातील मधले 'नेऒस' हे कल्पनेतले रूप नाही; होमरच्या काव्यात ते पदोपदी येते. म्हणजे होमर दुसऱ्या पायरीवर थांबला आहे आणि अथेन्सने तिसरी ओलांडली आहे. हे एक रूप चारदा लिहून पाहावे, मोठ्याने म्हणावे, आणि मगच पुढे जावे.

चतुर्थी एकवचनात मूळ 'नावि', म्हणजे अक्षरशः आपली सप्तमी. तिचे 'नेवि' आणि मग 'नेइ' होते. 'ने' आणि 'इ' ही दोन वेगळी अक्षरे म्हणून उच्चारावीत. प्रथमा अनेकवचन 'नावॆस' (आपले नावः) यापासून 'नेऎस'. षष्ठी अनेकवचन 'नावोन' (आपले नावाम्) यापासून आधी 'नेओन' आणि मग पुढच्या दीर्घ स्वरामुळे पहिला आखडून 'नॆओन'. चतुर्थी अनेकवचनात प्रत्यय व्यंजनाने सुरू होतो, म्हणून 'नौ' तसाच राहतो: 'नौसि', पुढे स्वर आला किंवा वाक्य संपले तर 'नौसिन'. त्याच्या शेजारी 'नौषु' लिहून ठेवावे. द्विवचन ग्रीक गद्यात विरळ आहे: प्रथमा आणि द्वितीया 'नेऎ', षष्ठी आणि चतुर्थी 'नॆऒइन'. ओळखता आले तरी पुरे.

द्वितीयेत मात्र अथेन्सने मूळ वाट सोडली. 'नावम्'ला जुळणारे ग्रीक रूप 'नाव' व्हायला हवे होते, कारण शेवटी स्वराचे काम करणाऱ्या 'म्'चा ग्रीकमध्ये नुसता ऱ्हस्व 'अ' होतो. त्यापासून होमरमधील 'नेअ' सिद्ध होते, आणि अनेकवचनात 'नेअस'. अथेन्सकरांनी ही दोन्ही रूपे टाकून प्रथमेच्या वळणाने 'नौन' आणि 'नौस' अशी नवी रूपे घडवली. हा तिन्ही बदलांच्या बाहेरचा एकमेव अपवाद, आणि तेवढा पाठ करावा. संबोधन एकवचन नुसते 'नौ'.

यामुळे एक खरी अडचण निर्माण होते. 'नौस' हे प्रथमेचे एकवचन आहे आणि द्वितीयेचे अनेकवचनही; केवळ रूप पाहून निर्णय करता येत नाही. येथे उपपद, म्हणजे इंग्रजीतील 'the'सारखा नामाआधीचा शब्द, उपयोगी पडते. ग्रीक नामापुढे बहुधा उपपद असते आणि त्याची स्त्रीलिंगी रूपे संस्कृतातील 'सा', 'ताम्', 'ताः' यांची सख्खी भावंडे आहेत. 'सा' शब्दातील 'स'चा 'ह' आणि 'आ'चा 'ए' होऊन 'हे' हे प्रथमा एकवचन झाले, 'ताम्'चे 'तेन', 'ताः'चे 'तास'. त्यामुळे 'हे नौस' म्हणजे ती नाव, कर्ता. 'तास नौस' म्हणजे त्या नावा, कर्म. वाचताना नामाआधी उपपद शोधण्याची सवय लावावी. जेथे उपपद नसेल, तेथे क्रियापद एकवचनी आहे की अनेकवचनी, हे पाहावे.

दुसरी सावधगिरी 'नॆओस'विषयी. अथेन्सच्या बोलीत मंदिरासाठीचा शब्दही प्रथमेत 'नॆओस' असाच आहे, स्वराघातासह. तो पुल्लिंगी असल्यामुळे त्याचे उपपद 'हॊ' असते आणि आपल्या षष्ठीचे 'तेस'. 'तेस नॆओस' म्हणजे जहाजाचा. 'हॊ नॆओस' म्हणजे मंदिर. शेवटचा स्वर ऱ्हस्व असलेला 'नॆऒस' हा तरुण किंवा नवा या अर्थाचा आणखी वेगळा शब्द, आपला 'नव'. त्याचाही 'व' गेला आहे, हे एव्हाना लक्षात आले असेल.

स्वराघाताचा भाग मला या नामातील सर्वांत सुंदर भाग वाटतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. ग्रीक पाठ्यपुस्तके सांगतात, की तिसऱ्या गणातील एकाक्षरी प्रातिपदिक असेल तर षष्ठी आणि चतुर्थीमध्ये आघात प्रत्ययावर जातो, आणि प्रथमा व द्वितीयेत तो मूळ शब्दावर राहतो. म्हणून 'नौस', 'नौन', 'नेऎस' यांत आघात पहिल्या अक्षरावर, तर 'नॆओस', 'नेइ', 'नॆओन', 'नौसि' यांत शेवटच्या. विद्यार्थी हा नियम निमूटपणे वहीत लिहून घेतात. पाणिनीचे सूत्र आहे: 'सावेकाचस्तृतीयादिर्विभक्तिः'. सप्तमी बहुवचनाच्या 'सु' प्रत्ययापुढे जे प्रातिपदिक एकाच स्वराचे असते, त्याच्या तृतीयेपासून पुढच्या विभक्तिप्रत्ययांवर उदात्त, म्हणजे उंच स्वर, येतो. ग्रीक षष्ठी आणि चतुर्थी मिळून तृतीयेपासून सप्तमीपर्यंतचे सगळे काम करतात, हे वर आलेच आहे. म्हणजे दोन्ही नियम शब्दशः एक आहेत.

हे कानांनी पडताळायचे असेल तर त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. गोव्यात देवीच्या मंदिरांतून दुर्गासूक्ताचे पठण होते. त्याच्या पहिल्याच ऋचेचा शेवट 'नावेव सिन्धुं दुरितात्यग्निः' असा आहे: नावेने सिंधू पार करावा तसा अग्नी आम्हांला संकटांच्या पलीकडे नेवो. यातील 'नावेव' म्हणजे 'नावा' हे तृतीयेचे रूप आणि 'इव'. सस्वर पाठात उदात्त 'ना'वर नसून 'वे'वर आहे, कारण तृतीयेत तो प्रत्ययावर गेला आहे. छापील पोथीत अनुदात्ताला खाली आडवी रेघ असते, स्वरिताला वर उभी, आणि उदात्त अक्षर कोणत्याही खुणेवाचून असते. 'वे' तसे सापडेल. ग्रीक 'नौसि'मधील 'सि'वर जो आघात आहे, तो याच नियमाचा. घनपाठी गुरुजींकडून हे अक्षर एकदा ऐकून घ्यावे आणि मग ग्रीक रूपे म्हणावीत. ग्रीक पुस्तकात आघात दाखवणाऱ्या तिरक्या रेघांना त्यानंतर आवाज मिळतो.

रूपे तयार झाली की ती वाक्यात बसवावीत, आणि यासाठी चोडण किंवा दिवाडीच्या फेरीबोटीइतके सोयीचे साधन दुसरे नाही. धक्क्यावरून बोटीत चढताना म्हणावे 'एइस तेन नौन', म्हणजे नावेत, आत जाण्याच्या अर्थाने. 'एइस' या अव्ययाला द्वितीया लागते. मांडवीच्या मध्यावर असताना 'ऎन तेइ नेइ', म्हणजे नावेत आहोत या अर्थाने. 'ऎन'ला चतुर्थी लागते. पलीकडे उतरताना 'ऎक तेस नॆओस', म्हणजे नावेतून. 'ऎक'ला षष्ठी लागते, कारण तिनेच पंचमीचे काम उचलले आहे. मराठीत पहिल्या दोन प्रसंगी आपण 'नावेत'च म्हणतो. ग्रीकमध्ये जाणे आणि असणे यांसाठी अव्यय व विभक्ती दोन्ही बदलतात, जसे संस्कृतात 'नावम् आरोहति' आणि 'नावि तिष्ठति' यांत बदलते. अनेकवचनासाठी पणजीच्या काठावर उभे राहून 'हाइ नेऎस ऎन तोइ पॊतमोइ एइसिन' असे म्हणावे: जहाजे नदीत आहेत. नंतर हेच वाक्य एकवचनात करून पाहावे, म्हणजे 'हे नौस' आणि क्रियापद 'ऎस्तिन' कसे येते ते कळेल.

समासांत मूळ अंग व्यंजनापुढे 'नौ' असेच दिसते, म्हणून ते ओळखणे सोपे जाते. 'नौमाखिआ' म्हणजे आरमारी लढाई. जुने गोवे येथील पुरातत्त्व संग्रहालयात कदंबकाळातील वीरगळावर नावांतून लढणारे वीर कोरले आहेत, ते दृश्य ग्रीक माणसाने याच शब्दात सांगितले असते. 'नौतेस' म्हणजे नाविक, 'नौपेगॊस' म्हणजे जहाज बांधणारा. 'नॆओसॊइकॊस' या शब्दात षष्ठीचे रूप जसेच्या तसे दिसते, 'जहाजाचे घर', म्हणजे युद्धनौका कोरड्या ठेवण्यासाठी बांधलेली लांबट शाकारलेली जागा. अशा जागांचे अवशेष अथेन्सच्या पिरेअस बंदरात झेआ येथे सापडले आहेत. 'नौसिआ' म्हणजे ज्याला आपण बोट लागणे म्हणतो ते, आणि युरोपीय भाषांतील मळमळीचे शब्द त्यावरून आले. १५१० नंतर लिस्बनहून गोव्याला येणाऱ्या मोठ्या जहाजांना पोर्तुगीज 'नाउ' म्हणत. हा शब्द ग्रीकमधून आलेला नाही, तो लॅटिन 'नाविस'चा वंशज आहे. पण 'नाविस' आणि 'नौस' ही एकाच मुळाची भावंडे, आणि लॅटिनने 'व' शाबूत ठेवला.

शब्दकोशात शोधताना हे लक्षात ठेवावे, की मजकुरात 'नॆओन' किंवा 'नेऎस' भेटले तरी नोंद 'नौस'खालीच मिळेल. लिडेल आणि स्कॉट यांच्या ग्रीक कोशात या नोंदीत बोलीनिहाय रूपेही दिली आहेत. त्यांचा उपयोग असा करावा: होमर वाचत असाल तर प्रथमा 'नेउस', द्वितीया 'नेअ', अनेकवचनी 'नेअस' आणि चतुर्थी अनेकवचनी 'नेउसि' किंवा 'नेऎस्सि' अपेक्षित धरावीत, इतिहासकार हिरोडोटस वाचत असाल तर 'नॆअ', 'नॆऒस', 'नॆअस' अशी आखूड स्वरांची रूपे दिसतील, डोरिक या दुसऱ्या ग्रीक बोलीत 'आ'चा 'ए' झालेलाच नाही, म्हणून तेथे षष्ठी 'नाऒस' असते, आणि ती आपल्या 'नावः'च्या सर्वांत जवळची आहे. होमरमध्ये क्वचित 'नौफि' हे रूपही येते. त्यातील 'फि' हा 'नौभिः'मधील 'भिः'चा नातलग असून ग्रीकने हरवलेल्या तृतीयेचा तो अवशेष आहे. होमर मात्र ते 'जहाजांपासून' अशा पंचमीच्या अर्थानेही वापरतो. याहून जुना पुरावा ग्रीसमधील पिलॉस येथील मातीच्या पाट्यांवर आहे. ज्या लिपीत त्या लिहिल्या आहेत, ती मायकेल व्हेंट्रिस यांनी १९५२ मध्ये उलगडली, आणि तीत 'ना-उ-दो-मो', म्हणजे जहाज बांधणारे, असा शब्द आहे.

'नौस' हाताशी आल्यावर लगेच 'बॊउस' म्हणजे गाय किंवा बैल आणि 'झेउस' ही दोन नामे घ्यावीत. पहिल्याच्या शेजारी 'गौः' आणि दुसऱ्याच्या शेजारी 'द्यौः' चालवून ठेवावे. 'बॊउस'ची षष्ठी 'बॊऒस' आहे. तिच्यात लांबीची अदलाबदल नाही, कारण मुळातला स्वर ऱ्हस्व होता. 'झेउस'ची षष्ठी 'दिऒस' आहे, म्हणजे 'दिवः'. तेथेही 'व' परत ठेवावा आणि पुढे जावे.